एका चुलीला एक मशीन

सत्तावीस नंबरचं मशीन कागदावर माझ्या सासूबाईंचं होतं. पायडलवर पाय मात्र माझा असायचा. सकाळी आठला मी त्यावर बसायची आणि निळ्या डगल्यांना छातीवरचे खिसे लावायची. माझा तालाय तोवर घरी आजीच्या मांडीवर दुसरी झोप काढत असायचा. दुपारी दोनला एने त्याला पाठुंगळी मारून कारखान्याच्या फाटकापर्यंत यायच्या. सासूला आमच्याकडे एने म्हणतात, थोरल्या बहिणीसारख्या बाईला एजे आणि थोरल्या भावासारख्या माणसाला आके. चौकीदार आपली खोली पंधरा मिनिटं रिकामी करून द्यायचा, स्वतः बाहेर थंडीत विडी ओढत उभा राहायचा आणि मी लेकराला पाजून घ्यायची. मी परत आत आले की आमच्या मुकादम साबिरा एजे हमखास म्हणायच्या, "पन्नाशी उलटल्यावर बाळंत झालेली ही एकच कामगार आपल्याकडे. तुर्क मालकांना सांगायला हवं, आमच्या डोंगरातलं पाणीच तसं आहे." मग सगळ्या ओळीतली मशीनं हसण्यापुरती थांबायची.

आमच्या तोरू-सायमध्ये हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि त्यात चोरून करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्याचं असं झालं. सरकारने तुर्कस्तानच्या कंपनीला सामूहिक शेतीच्या काळातलं आमचं लोकरीचं गोदाम फुकट दिलं, दहा वर्षांचा कर माफ केला आणि पहिलं वर्षभर प्रत्येक बाईच्या पगाराचा अर्धा वाटा स्वतः उचलायचं कबूल केलं. बदल्यात गावातल्या ऐंशी बायकांना काम द्यायचं आणि त्यातल्या निदान सत्तर जणी खंड न पाडता वर्षभर टिकायला हव्यात, एवढीच अट. हे वाचून दाखवायला गावचे प्रमुख सातिबाल्दी आके शाळेच्या पायरीवर उभे राहिले तेव्हा मला आठवा सरत आलेला होता आणि माझे पाय सुजून हे एवढे झाले होते. गावात घरं त्र्याऐंशी. तीन घरांत मशीनवर बसेल असं कुणी उरलेलंच नव्हतं. म्हणजे वाटणी देवानेच करून ठेवली होती. आकेंनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, एका चुलीला एक मशीन.

कुणालाही ते पटण्यासारखंच होतं. मेंढी कापली की ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे हाडं वाटली जातात, कुणाला मांडीचं, कुणाला पाठीचं, पण ताट कुणाचंच रिकामं राहत नाही. आणि एकदा वाटा घरात गेला की तो घरातलं कोण खातं हे विचारायला कुणी जात नाही. आमच्या चुलीचा वाटा मी अवघडलेली होते म्हणून एनेंच्या नावावर लिहिला गेला. पहिले दोन-अडीच महिने एने बसल्या. चाळीस दिवसांचं न्हाणं झालं तशी मी बसू लागले, आणि लेकरू त्यांच्या ओटीत गेलं. जूनमध्ये निम्मं गाव घोड्या दोहायला वरच्या कुरणात गेलं तेव्हा जावांच्या जागी जावा बसल्या. नणंदेचं लग्न निघालं की भावजय बसली. कुणाचं नाव कुठे आहे हे फक्त पगाराच्या दिवशी लक्षात यायचं. आम्हाला अभिमान एवढाच, की तोरू-सायचं एकही मशीन एक दिवसही थंड पडलं नाही. तुर्कांचे मॅनेजर नेजात बे तेच छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगायचे. ते चेहऱ्यांकडे फारसं बघतच नसत. त्यांची नजर शिवणीवर.

माझ्यासाठी त्या मशीनचा अर्थ पगाराहून मोठा होता. तालायचे बाबा मॉस्कोत गोदामावर कामाला. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातले आम्ही एकत्र काढलेले महिने बोटांवर मोजता येतील. आमच्या गावात ज्या घरात दोघं नवरा-बायको तिकडे जातात त्या घरातली पोरं आजी-आजोबांकडे वाढतात. फोनच्या काचेला मुके घेतात. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीने, आई चार वर्षांनी आली तेव्हा, तिला "तुम्ही" म्हटलं होतं. ते ऐकून मी गरोदर असतानाच ठरवलं होतं की माझं पोर मला "तुम्ही" म्हणणार नाही. तालायच्या बाबांचं आणि माझं बोलणं झालं होतं ते असं: वर्ष पुरं होऊन कारखाना कायमचा झाला, तर ते उन्हाळ्यात परत येतील, इथेच कापड उतरवण्याच्या कामावर लागतील. नाही झाला, तर मी तिकडे जायचं, एका इमारतीचे जिने पुसण्याचं काम त्यांनी बघून ठेवलं होतं, आणि तालाय एनेंकडे राहील. "दोनच वर्षं," ते म्हणायचे. दोन वर्षं नुसती दोन कधीच नसतात हे दोघांनाही माहीत होतं.

मार्च सरत आला आणि पत्र आलं. राजधानीतून साहेब येणार, वर्षाची मोजणी करणार, प्रत्येकीने स्वतः समोर येऊन नाव सांगायचं. सातिबाल्दी आकेंनी मशीन असलेल्या ऐंशी घरांना आदल्या दिवशी शाळेत बोलावलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, मी आता पत्र चारदा वाचलं, त्यात चुलीचा उल्लेख कुठेच नाही, त्यात बाईचा आहे. एक नाव, एक बाई, बारा महिने. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की मग आता नावं बदलून घेऊ या का. आके म्हणाले, बदललं की खंड पडतो. खंड पडला की कारखाना गेला. म्हणून उद्या जी ज्या मशीनवर बसते तिने त्या मशीनचं नाव आपलं म्हणून सांगायचं, बाप सांगायचा, जन्मसाल सांगायचं, आणि वर बघायचं नाही.

सगळ्या बायका नावं पाठ करत घरी गेल्या. कुणाला नणंदेचं नाव, कुणाला धाकट्या जावेचं. त्यांचं सोपं होतं. माझं नव्हतं.

सून आमच्याकडे सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. शहरात आता घेतात म्हणे. आमच्या घरात नाही. नुसतं नावच नाही, त्या नावासारखा शब्दही नाही. एनेंच्या नावाचा अर्थ साखर, म्हणून तीन वर्षं मी साखरेला "पांढरं" म्हणत आले होते. दुकानात जाऊनही मी एक किलो पांढरं द्या म्हणायची आणि दुकानदाराची बायको न विचारता साखर जोखायची, कारण तीही कुणाची तरी सून होती. एने स्वतःही अशाच. त्यांची सासू जाऊन वीस वर्षं झाली, तिचं नाव मला अजून ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी एने गाय पिळत होत्या आणि मी तालायला कडेवर घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी होते. त्या धारेवरून मान न वळवता म्हणाल्या, "म्हण."

मी तालायला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हण म्हणते ना. मी परवानगी देते. देवाला मी सांगेन काय सांगायचं ते."

मी तोंड उघडलं आणि मला हसू आलं. मग मला इतकं हसू आलं की तालायही हसायला लागला, आणि एनेंनी बादली बाजूला सरकवली.

"हसून घे. उद्या तिथे हसलीस तर परवा मॉस्कोत जिने पुसशील, आणि हा इथे माझ्या दाढा मोजत बसेल."

हसू थांबलं. मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला म्हणून बघितलं, जीभ टाळूला चिकटून बसली. त्यांनी सांगितलं, बघ, गाईला माझं नाव ठेवलंय असं समज आणि तिला हाक मार. मी गाईकडे बघितलं. एक अक्षर बाहेर आलं आणि आत गेलं. शेवटी एने उठल्या, ओले हात कमरेला पुसले, माझ्या अगदी समोर आल्या आणि माझी हनुवटी धरली, तालायला औषध पाजताना धरतात तशी.

"शेकेर," मी म्हणाले.

त्यांची बोटं हनुवटीवर तशीच राहिली.

"पुन्हा."

"शेकेर."

"बापाचं नाव लावून."

मी बापाचं नाव लावून म्हटलं. त्या खाली बसल्या, गाईच्या पोटाला कपाळ टेकलं आणि बराच वेळ धार काढलीच नाही. मला वाटलं मी त्यांना दुखावलं. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, वेडी आहेस का. मग म्हणाल्या, "आई गेल्यावर घरात हे नाव कागदावरच राहिलं होतं ग. मला वाटायचं कुणा दुसऱ्याच बाईचं आहे."

रात्री तालाय पिऊन झोपला तरी मी त्याच्या कानाशी ते नाव पुटपुटत होते, जीभ सैल राहावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात बर्फाचा चिखल झाला होता. आम्ही ऐंशी जणी मशीनच्या नंबराने ओळीत उभ्या होतो. साहेब पन्नाशीचे, राखी कोट, पायात मात्र साधे रबरी बूट. म्हणजे चिखल माहीत असलेला माणूस. बरोबर एक मुलगी, हातात टॅब. नेजात बे बाजूला उभे, आणि कुंपणापलीकडे गाव. एने पुढेच होत्या, तालायला शालीत गुंडाळून. त्यांच्या शेजारी बात्मा आजी. ऐंशी वय, कानाने कमी. तिचं घर त्या तिघांतलं, मशीन नसलेलं, म्हणून आदल्या दिवशीच्या सभेला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

साहेब फक्त नंबर पुकारायचे. नाव जिने तिने सांगायचं. माझ्या आधी सहा जणींनी दुसऱ्यांची नावं सांगितली, साहेबांनी मान हलवली, मुलीने टॅबवर बोट टेकवलं. मला बरं वाटू लागलं होतं. पंचवीस झाला. सव्वीस झाला.

"सत्तावीस."

मी एक पाऊल पुढे आले. खाली बघितलं. आणि आवाज खणखणीत यावा, कुणाला संशय येऊ नये, म्हणून मी ते जरा मोठ्यानेच म्हटलं. नाव, बापाचं नाव. इतकं स्वच्छ आलं की माझं मलाच नवल वाटलं.

कुंपणापलीकडून बात्मा आजी ओरडली, "अगं ए! सासूचं नाव घेतेस? भर अंगणात, मोठ्या माणसांपुढे? शेकेर, ऐकलंस का, तुझी सून तुझं नाव घेतेय!"

एनेंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तालाय दचकून रडायला लागला.

साहेब आधी हसले. खरंच हसले, गावातली म्हातारी भांडली की हसतात तसे. मग ते हसू थांबलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं.

"जन्मसाल?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हणाले. मी चोवीस वर्षांची.

नेजात बेंना काहीच कळलं नव्हतं. आमची भाषा त्यांना निम्मी कळते, पण हे भाषेतलं नव्हतंच. ते साहेबांना तुर्कीत विचारत होते की काय झालं, म्हातारी आजारी आहे का. साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं. ते माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "माझी बायकोही अजून माझ्या आईचं नाव घेत नाही. मी ऐकलं नसतं तर लिहिलं नसतं, पोरी. पण आता सगळ्यांनी ऐकलं." आणि मुलीकडे वळून म्हणाले, पासपोर्ट मागव.

एकावन्न निघाल्या खऱ्या. बाकीच्या एकोणतीस मान खाली घालून एका बाजूला उभ्या राहिल्या, त्यांत मी पहिली. सातिबाल्दी आकेंनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी साहेबांना सांगायचा प्रयत्न केला: कुणी फुकटचा पगार खाल्लेला नाही, प्रत्येक दिवस कुणी ना कुणी शिवलंय, हवं तर डगले मोजा. साहेब म्हणाले की डगले मोजायला मला पाठवलेलं नाही, असतं तर आज मी तुमच्याकडे जेवून खुशीने गेलो असतो. तरीही त्यांनी एक वाट ठेवली. यादीत ज्यांची नावं आहेत त्या तीन वाजेपर्यंत येऊन आपापल्या मशीनवर बसू देत, एकेक खिसा लावून दाखवू देत. जिला काम येतं ती कामगार, असं मी लिहीन; वर्षभर कोण बसलं हे विचारणार नाही. सत्तर भरल्या तर भरल्या.

गावात धावाधाव झाली. पण नावांतली अर्धी माणसं मॉस्कोत होती. एक बाळंत होऊन दवाखान्यात. एक तर मागच्या पावसाळ्यात वारलीच होती, तिच्या जागी तिची मुलगी बसायची. तरी कुणी पीठ मळता मळता आली, कुणी घोड्यावरून वरच्या वाडीतून.

एने कुंपणातून आत आल्या आणि तालायला माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, एने, तुमचे डोळे. मागच्या हिवाळ्यापासून त्यांना मोतीबिंदू उतरत होता. त्या म्हणाल्या, "हातांना डोळे असतात," आणि सरळ आत गेल्या.

मी खिडकीबाहेर उभी होते. काल दुपारपर्यंत त्या बाहेर आणि मी आत. काचेला नाक लावून तालाय "ए, ए" करून त्यांना बोलावत होता. सत्तावीसवर त्या बसल्या. दोरा ओवायला त्यांनी सुईचं नेढं बोटाने चाचपलं, चार वेळा चुकला, पाचव्यांदा ओवला गेला. साबिरा एजे मागे उभ्या होत्या, मदत करायची नाही अशी ताकीद होती. एनेंनी डगला लावला, खिसा लावला, पायडल दाबलं. आवाजावरूनच मला कळलं की फार जोरात दाबलंय. खाली एक बाजू, मग वळवून दुसरी, मग वळवून तिसरी. मग त्यांनी पुन्हा वळवलं. मी काचेवर हात आपटला. तालायला वाटलं खेळ आहे, तोही आपटायला लागला. मशीनच्या खडखडाटात आतल्यांना काही ऐकू गेलं नाही.

खिसा चारही बाजूंनी शिवला गेला होता.

नेजात बेंनी तो डगला हातात घेतला. त्यात बोट घालायला बघितलं. तुर्कांमध्ये कुणी काम करून दिलं की "हात सुखी राहोत" असं म्हणतात, तसं ते सवयीने म्हणाले, आणि डगला हळूच टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, चालेल? नेजात बे खिडकीकडे बघत राहिले. तिथे मी होते.

सगळ्या मिळून त्रेसष्ट भरल्या. एनेंचा खिसा बरोबर असता तरी चौसष्टच झाल्या असत्या. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यांना ते कधी पटलं नाही. त्यांच्या मते कारखाना त्यांच्या चौथ्या शिवणीने बंद पडला. माझ्या मते माझ्या आवाजाने. बात्मा आजी तिसऱ्या दिवशी ताजी रोटी घेऊन आली, उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली की माझ्या तोंडात माती पडो. आम्ही दोघींनी मिळून तिला आत घेतलं, चहा दिला. ती तो चहा न पिता रडत राहिली. मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिने तेच केलं होतं जे लहानपणापासून तिला योग्य म्हणून शिकवलं होतं.

सरकारने आपला वाटा थांबवला, दिलेला परत मागितला. कंपनीने दुसऱ्या एका जिल्ह्यात जागा घेतली. दहा दिवसांनी ट्रक आले. नेजात बे प्रत्येकीला भेटले, छातीवर हात ठेवून. मशीनं आम्हीच उचलून ट्रकमध्ये चढवून दिली, ड्रायव्हरांना जेवूही घातलं. शेवटी पाहुणे ते पाहुणे. सत्तावीस नंबर चढवताना त्याच्या खालून दोऱ्यांचे निळे तुकडे पडले, ते मी झाडून घेतले. तोंडावर कुणी मला काही बोललं नाही. फक्त नळावर मी गेले की बोलणं हवामानावर यायचं.

तालायच्या बाबांचा फोन आला. जिने पुसण्याची जागा अजून रिकामी आहे, आठवड्यात यावं लागेल, बायकांच्या खोलीत एक खाट आहे. त्यांचा आवाज लहान झाला होता. म्हणाले, तालायला दुधावरून तोडायला घे.

मी घेतलं. दोन दिवस मी स्तनाला कडू लावलं. पहिल्या दिवशी तो तोंड वाकडं करून माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी चुकून केलंय आणि आता सुधारेन. दुसऱ्या दिवशी त्याने मागितलंच नाही. अकरा महिन्यांचं लेकरू मागणं सोडतं तेव्हा घर किती शांत होतं ते मी लिहू शकत नाही. माझी छाती दगडासारखी झाली होती, मी न्हाणीघरात जाऊन भिंतीवर पिळून टाकत होते आणि तोंडात रुमाल कोंबून रडत होते.

एने दाराबाहेर उभ्या होत्या. दार न उघडता म्हणाल्या, "पोरी, तिकडे त्यांना काय हवंय म्हणाला तो?"

मी म्हटलं, जिने पुसायला एक बाई.

"मी काय बाप्या आहे का?"

मी दार उघडलं.

"सुई दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "फरशी दिसते. फरशी बरीच मोठी असते."

मी म्हटलं, तुम्हाला रशियन येत नाही. म्हणाल्या, फरशीला येतं का. मी म्हटलं, थंडी, गुडघे, चौदा मजले. म्हणाल्या, मी लग्नाआधी डोंगर चढून बर्फ वितळवून पाणी आणायची, आणि तिकडे माझा मुलगा आहे, पाच वर्षं मीही त्याला बहुतेक फोनच्या काचेतच बघतेय. मी रडत नाही नाही म्हणत राहिले. त्या ऐकत राहिल्या, आणि मग मला कधी नव्हे ते जवळ घेऊन म्हणाल्या, "मी माझी पोरं वाढवली. आता तू तुझं वाढव. दोघींनी एकच लेकरू वाढवून उपयोग काय, आणि दोघींनी गमावून तरी काय?"

मला अजूनही वाटतं मी तेव्हा जास्त जोरात नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला आनंद झाला होता, आणि तो त्यांना दिसला असणार, कारण त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बॅग बांधायला घेतली.

गाडी सकाळी आठला शाळेपाशी आली. एनेंनी नवा रुमाल बांधला होता, हातात तळलेल्या पिठाच्या बोर्सोकची पिशवी, कडेवर तालाय. गाडीत बसल्यावर खिडकी खाली करून त्या सूचना देत राहिल्या. तांबडी गाय मे महिन्यात विणार, तेव्हा सातिबाल्दीला हाक मार, लाजू नकोस. छपराच्या पश्चिमेकडचा पत्रा दगड ठेवून दाब. बात्मा आजीकडे रोज एकदा डोकाव, ती एकटी आहे आणि तिला वाटतं गाव तिच्यावर रागावलंय. आणि हे कडूबिडू लावणं बंद कर.

ड्रायव्हर म्हणाला, आजी, बास. एनेंनी तालायला खिडकीतून माझ्या हातात दिलं आणि काच वर केली.

गाडी पुलापलीकडे गेली तोवर त्याला समजलं नाही. मग समजलं. नऊ-दहा महिने दिवसभर त्याने जिचा वास घेतला होता ती त्या गाडीत होती. तो माझ्या हातात धनुष्यासारखा ताठ झाला, रस्त्याकडे हात करून ओरडायला लागला. मी तिथेच, शाळेच्या पायरीवर, चार माणसांसमोर पोलक्याची बटणं काढली आणि त्याला छातीशी धरलं. दूध आपोआप वाहत होतं, त्याच्या ओठांवर, हनुवटीवर. त्याने तोंड फिरवलं. तो माझ्याजवळ होता, आता रोज असणार होता, आणि तिच्यासाठी रडत होता. मी त्याला तसंच धरून बसले, पुढची गाडी आली तेव्हा बाजूला सरकले, आणि पुन्हा बसले.